भाचीला शास्त्रीय गाणं ऐकायचंय. सुरुवात कुठून करून द्यावी?

मलप्रभेकाठी

नमस्कार मंडळी. प्रश्न जुना आहे, पण उत्तर मला आपल्या भागातल्या लोकांकडून हवंय, म्हणून नवा धागा काढतोय.

माझी भाची बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. घरी मराठी, कॉलेजात कन्नड आणि इंग्रजी, कानात दिवसभर इयरफोन. कन्नड सिनेमातली गाणी ऐकते, थोडं इळयराजा, थोडं मराठी. परवा तिनंच विचारलं, "मामा, तू तासन् तास ऐकतोस त्यात नक्की काय ऐकायचं असतं? मलापण ऐकायचंय, पण कुठून धरायचं तेच कळत नाही."

माझं मत आधी सांगतो. तिला यादी देऊ नये. "नवख्यांनी ऐकलीच पाहिजेत अशी शंभर ध्वनिमुद्रणं" छापाच्या याद्या वाचूनच माणूस दमतो. एक राग निवडावा आणि महिनाभर तोच वेगवेगळ्या लोकांकडून ऐकावा. मी यमन म्हणतोय. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ऐकता येतो, निम्मी मराठी भावगीतं त्यात असल्यामुळे कानाला ओळखीचा वाटतो, आणि "नि रे ग" एवढी एक जागा पकडली तरी पुढच्या वेळी तो राग आपला आपण ओळखू येतो.

तुम्ही कुणाला गोडी लावली असेल तर कशी लावलीत? आणि भीमसेन जोशी गदगकडचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूरचे, गंगूबाई हनगल धारवाडच्या, सगळे गवई आपल्या दारातले. मग सुरुवात त्यांच्यापासूनच करावी का?

अनगोळकर

यमन मान्य. पण महिनाभर एकच राग? पोरगी पळून जाईल हो मामा.

घटप्रभा

अभंगापासून सुरू करा. आमच्या घरी तसंच झालं. माझा मुलगा भीमसेनांचं "इंद्रायणी काठी" लहानपणापासून ऐकत होता. दहावीच्या सुट्टीत त्याला त्यांचाच भीमपलास लावून दिला, दुपारी, जेवणं झाल्यावर. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, हे इंद्रायणीसारखं का वाटतंय?" मी म्हटलं, कारण तो अभंगही भीमपलासातच आहे. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

तुमच्या भाचीला कन्नड येतं हा तर मोठाच फायदा. भीमसेनांनी पुरंदरदासांची पदं गायली आहेत, मल्लिकार्जुनअण्णांनी अक्कमहादेवींची वचनं गायली आहेत. एकाच गळ्यातून एकीकडे तुकोबा-नामदेव आणि दुसरीकडे कन्नड दासर पदं ऐकायची, अर्थ दोन्हीकडे कळतोय, असं भाग्य पुण्याच्या पोरांना नाही. ते तिनं घ्यावं.

टिळकवाडी_तंबोरा

मलप्रभेकाठी, तुमचा यमन आणि घटप्रभाताईंचा अभंग, दोन्ही मान्य. पण मी तिसरीच वाट सुचवतो: जुन्या तबकड्या.

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या काळच्या गवयांना तेवढ्यात राग उभा करावा लागे. आलापी दोन ओळींत, एक-दोन बोल-ताना (शब्दांसकट घेतलेल्या ताना), मग लख्ख तान, आणि संपलं. सुरुवातीच्या तबकड्यांत तर गाणं संपताना गायक-गायिका आपलं नाव पुकारायचे. आजची मुलं तीन मिनिटांच्या गाण्यावर वाढली आहेत. त्यांच्या कानाची सवय न मोडता त्यांना रागात नेणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. आपल्याच मुलखाचा इतिहास बघा. भीमसेन लहान असताना त्यांच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पडली, "पिया बिन नहीं आवत चैन". ती तबकडीच होती. त्या वेडानं पोरगा अकराव्या वर्षी घर सोडून गुरू हुडकायला निघाला. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. त्या गाण्यावरच त्याला 'कुमार गंधर्व' हे नाव मिळालं. या दोघांनाही पहिल्यांदा कुणी दीड तासाचा ख्याल समजावून सांगितलेला नव्हता. मग आपल्या भाचीला आधीच विलंबितात, म्हणजे संथ लयीत, का बसवायचं?

आता नेमकं काय ऐकायचं: खाँसाहेबांची झिंझोटी, आणि त्यांचीच भैरवी, "जमुना के तीर". रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून. तबकडीची खरखर पहिल्या वेळी त्रास देते, तिसऱ्या वेळी ऐकूसुद्धा येत नाही. मग गंगूबाईंच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या. त्यांवर नाव 'गांधारी' असं आहे आणि आवाज अगदी मुलीचा, कोवळा, वर चढणारा. त्यानंतर लगेच त्यांचं उतारवयातलं गाणं लावा. आवाज पार खाली उतरलेला, जवळजवळ पुरुषी, आणि जोर असा की खोली भरून जाते. घशाच्या दुखण्यानंतर तो बदलला. हे दोन्ही एकाच बाईंचे आवाज आहेत हे कळल्यावर तिच्या मनात जे प्रश्न येतील, ते तिला पुढे नेतील.

निपाणीचा_पाव्हणा

आमचं येगळंच हाय बगा. आमच्याकडं शेताला थ्री-फेज करंट रात्री येतो, मोटारीला पाळी लावून बसायला लागतंय. तितं बांधावर मोबाईलवर ऐकायचं. बारा-एकच्या सुमारास मालकंस. आजूबाजूला ऊस, पाण्याचा आवाज, आणि भीमसेनअण्णा. शास्त्रीय शिकलेलो नाही, ताल कळत नाही, पण मालकंसात पंचम, म्हंजे प, नसतोय ते मला एका तबलजी मित्रानं सांगितलं. तवापास्नं तंबोऱ्याकडं ध्यान जातंय. मालकंसाला तंबोरा पंचमात नाही, मध्यमात लावत्यात. तो घुमणारा मध्यम एकदा का कानात बसला की उठवत नाही.

तुमच्या भाचीला म्हणाव, वेळ पाळून ऐक. दुपारी दोनला दरबारी लावू नको.

मलप्रभेकाठी

पाव्हणं, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा पाठवतोय. तंबोरेदादा, गांधारीची गोष्ट मलाच नव्यानं भिडली. आज ऐकतो.

तिरकीट

सगळे सुरांवर बोलताय, लयीकडं कुणी बघत नाहीये, म्हणून लिहितो. मी तबला वाजवतो, बेळगाव-खानापूर पट्ट्यात भजनापासून मैफलीपर्यंत साथ करतो.

नवख्या माणसाला "काय ऐकायचं" हे कळत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे त्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. सम सापडली की गाणं उलगडतं. त्यासाठी तीनताल घ्या, सोळा मात्रांचा. उजव्या हाताच्या एका बोटावर चार जागा असतात, तीन पेरं आणि टोक. अंगठ्यानं चार बोटांवरून फिरा, चार चोक सोळा. करंगळीपासून सुरू करा. पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे तिथं डाव्या हाताचा डग्गा गप्प होतो, घुमार बंद पडतो, ठेका एकदम हलका लागतो. ती हलकी जागा ऐकू आली की पुढची आठ मात्रांनी येणारी सम चुकत नाही. आठवडाभर हे करा, बोटं आपोआप चालायला लागतात.

दुसरी गोष्ट मुखड्याची. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तुकडा गायक दर आवर्तनाला समेवर आणून ठेवतो. मधे तो कुठंही जाऊ दे. बस कुठल्याही गावाला वळसा घालून आली तरी शेवटी स्टँडवरच लागते, तसं. भाचीला एवढंच सांगा: मुखडा ओळख आणि तो परत कधी येतो याची वाट बघ. आला की मान डोलेलच.

पण हे किराणा घराण्याच्या विलंबितात करायला सांगू नका! तिथं एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढं जातं. तिथं मोजायला बसलं तर सुरांकडं लक्षच राहत नाही. द्रुतपासून, म्हणजे जलद लयीपासून, सुरुवात करून मागं या.

संकेश्वरी

मी तुम्हा सगळ्यांशी असहमत आहे, प्रेमानं. तबकडी, मोबाईल, हेडफोन यांतलं काहीही नको. पहिलं गाणं समोर बसून ऐकायचं.

कुंदगोळला जा. हुबळीपासून जवळ, रेल्वेनंसुद्धा जाता येतं. सवाई गंधर्वांचं गाव. भीमसेन तिथं त्यांच्या घरी राहून शिकले, गंगूबाई हुबळीहून गाडीनं ये-जा करून शिकल्या. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त तिथं नाडगीरांच्या वाड्यात रात्रभर गाणं होतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा आणि फार मोठा. पण कुंदगोळला तुम्ही गाणाऱ्यापासून चार हातांवर बसता. तंबोरा लावताना खुंटी पिळल्याचा आवाज येतो, जव्हारीचा, म्हणजे तारेला घुमार देणारा, दोरा घोडीवर सरकवताना बोट दिसतं, तार एकाएकी उघडते आणि सगळा वाडा त्या आवाजात येतो. गवई हातानं काय दाखवतो, तबलजीकडं बघून का हसतो, कुठं थांबतो, हे कुठल्या हेडफोनमधे दिसणार?

मागं बसलेली गावातली म्हातारी माणसं बघा. बरीचशी शेतकरी. कुठल्याही विद्यालयात न गेलेली. पण चुकीच्या जागी "वाह" येत नाही.

अनगोळकर

संकेश्वरी, वर्णन वाचून आत्ताच बस धरावीशी वाटली. पण वर्षातून एकदा होणाऱ्या मैफलीवर पोरीला किती दिवस थांबवायचं?

संकेश्वरी

मिरज काय लांब आहे? मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत चिंचेखाली गाणं होतंच. सकाळी बेळगावहून निघालं तरी दुपारी सतारमेकर गल्लीत तंबोरे तयार होताना बघता येतात. पंढरपूरकडनं आलेले भोपळे माळ्यावर वाळत असतात, कोपऱ्यात कुणी एक जण जव्हारी घासत बसलेला असतो. धारवाड आहे, कोल्हापूर आहे. बेळगावातही छोट्या बैठका वर्षभर चालू असतात, पत्रक देवळाच्या नाहीतर वाचनालयाच्या फळ्यावर लागतं. बघणारे आपण पाहिजे.

शेवंती_२००४

मी बहुतेक तुमच्या भाचीच्याच वयाची आहे, म्हणून माझं ऐका. :)

मला शाळेत असताना एका क्लासला घातलं होतं. पहिल्या दिवसापासून परीक्षेची तयारी. रागाची माहिती पाठ, आरोह-अवरोह पाठ, वादी-संवादी पाठ, तालाच्या टाळ्या-खाल्या वहीत. दोन वर्षांत एकदाही कुणी शांत बसून एक राग पूर्ण ऐकवला नाही. परीक्षा झाली आणि मी गाणं सोडलं. इथं मोठ्यांना कळकळीनं सांगते, "आधी माहिती, मग ऐकणं" हा क्रम उलटा करा.

परत कशी आले? हॉस्टेलवर एका संध्याकाळी अमीर खाँसाहेबांचा मारवा लागला. मला काहीही माहीत नव्हतं. फक्त असं वाटत होतं की हा माणूस घरी यायला बघतोय आणि येत नाहीये. त्यानंतर कधीतरी कळलं की मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर, म्हणजे सा वर, थांबणं मुद्दाम टाळतात, म्हणून ती बेचैनी. तेव्हा ते वाचून अंगावर काटा आला. हेच मी वहीत आधी पाठ केलं होतं!

आणि तांत्रिक सूचना, जी मोठ्यांना सुचणार नाही: ॲपवर एका रागाचे दोन-तीन ट्रॅक केलेले असतात, विलंबित वेगळा, द्रुत वेगळा. शफल चालू असेल तर द्रुत आधी वाजतो, मग मधेच दुसऱ्या कुणाची जाहिरात, मग विलंबित. माझ्या मैत्रिणीनं असंच ऐकलं आणि म्हणाली, यांना शेवट कुठे करायचा ते कळत नाही. शफल बंद करायला सांगा. शक्य असेल तर जुन्या मैफलीचं सलग रेकॉर्डिंग शोधा, ज्यात मधे खोकला आणि "क्या बात है" ऐकू येतं.

तिरकीट

शेवंती, शफलचं पटलं. माझ्या पुतण्याला तालाचं सगळं समजावून झाल्यावर तो म्हणतो, काका, सम सापडते पण गाणं मधेच का संपतं? आता कळलं!

लोंढा_जंक्शन

थोडं अवांतर. आमच्या ऑफिसात बेंगळुरूकडचे लोक नेहमी विचारतात, तुम्ही कर्नाटकातले, मग कर्नाटक संगीत का नाही ऐकत? धाग्यात पाहुणे वाचकही असतील म्हणून थोडक्यात.

बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. रेल्वेनं आपण मिरज-पुण्याला जोडलेले. संगीत नाटक मंडळ्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी, धारवाड असा दौरा करायच्या, गावोगाव नाट्यपदं पोचायची. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अल्लादिया खाँ, मिरजेत अब्दुल करीम खाँ. करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायला जायचे, वाटेत धारवाड-हुबळीला मुक्काम. त्यांनी दक्षिणेकडचं पुष्कळ आपल्या गाण्यात घेतलं, सरगमेची गोडी तिथूनच. म्हणजे आपल्याकडचं हिंदुस्थानी गाणं हे मुळातच दोन्ही बाजूंचं वारं लागलेलं आहे. मराठी घरात जन्मलेल्यानं ऐकावं आणि कन्नड घरात जन्मलेल्यानं गावं, किंवा उलट, यात इथं कुणालाच काही वेगळं वाटलेलं नाही. मल्लिकार्जुनअण्णांना तालीम दिली ती अल्लादियांच्या मुलांनी, आधी मंजी खाँ, मग भूर्जी खाँ.

मलप्रभेकाठींची भाची या सगळ्याची वारस आहे. तिला हे जरूर सांगा, पण गाणं आवडल्यावर सांगा.

वहिनी_वडगाव

नाट्यसंगीताचं नाव निघायला इतका वेळ लागला? आमच्या पिढीला रागाची ओळख तिथूनच झाली. "नाथ हा माझा" गुणगुणता येत असेल तर यमन आलाच की तुम्हाला. पद पाच-सात मिनिटांचं, शब्द मराठी, कथा माहीत. आणि आण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते गुर्लहोसूरला, आपल्याच जिल्ह्यात. हे बेळगावातल्या किती मुलांना माहीत आहे?

शेवंती_२००४

वहिनी, राग मानू नका, पण नाट्यपदं आमच्या वयाला अवघड जातात. शब्द जुने, प्रसंग माहीत नसतात. मला ख्याल आधी आवडला, कारण त्यात शब्द कमी होते.

वहिनी_वडगाव

राग कशाला मानू ग पोरी. तू सांगितलंस ते बरं झालं. मग तू मला ख्याल सांग, मी तुला पद समजावते. वडगावातच आहे, ये कधीही.

पेटीवाला

शब्द अडतात असं शेवंती म्हणते, त्यावर उपाय वाद्य. विलायत खाँसाहेबांचा सतारीवरचा यमन लावा. शब्दच नाहीत, सगळं लक्ष सुराकडं. सतारीवर आलाप-जोड-झाला अशी चढत जाणारी वाट असते, नवख्यालाही कळतं की आपण कुठवर आलो.

पेटीवाला म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बेळगावात रामभाऊ विजापुरे होते, २०१० साली गेले. साथीला बसले की गवयाच्या मागं सावलीसारखे, आणि सोलो वाजवायला लागले की पेटीतून गळ्यासारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, आल्याचा भास. पेटीला मींड नाही हे सगळ्यांना माहीत. त्यांचं भात्यावरचं नियंत्रण ऐकून ते विसरायला होतं. आपल्या गावात नुसत्या पेटीसाठी बाहेरगावची मुलं येऊन राहायची. भाचीला गायकाबरोबर साथीदार काय करतो तेही ऐकायला शिकवा.

टिळकवाडी_तंबोरा

एका मुद्द्यावर मला वाद घालायचाय, तो धाग्यात अजून कुणी उघड काढला नाही. आमच्या मित्रमंडळींत नेहमी म्हणतात, मल्लिकार्जुनअण्णा नवख्यांना ऐकवू नका, जयपूर घराणं अवघड, राग अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे. बसंती केदार, एक निषाद बिहागडा वगैरे नावंच ऐकून माणूस घाबरतो.

मला हे मान्य नाही. अण्णांचं गाणं नवख्यासाठी सोपं आहे. पहिलं कारण म्हणजे त्यांची लय मध्य-विलंबित, बहुतेकदा तीनताल. तिरकीट म्हणाले ती बोटांवरची मोजणी इथं पहिल्या आवर्तनापासून करता येते. दुसरं, ते वाट बघायला लावत नाहीत. पहिल्या समेपासूनच रागाचं रूप समोर. तान आणि आलाप वेगळे काढून ठेवलेले नाहीत, सगळं एकात एक विणलेलं. वीस मिनिटांत राग पूर्ण होतो. राग अनवट आहे हे नवख्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे त्याची भीती त्याला नसते. ती भीती जाणकारांची.

आणि ते गाणं प्रसन्न आहे. कान देऊन ऐका, मधे मधे स्वतःच खूश होतात.

घटप्रभा

१०० टक्के सहमत. माझ्या सासूबाई, शाळा चौथी, त्यांना अण्णांचं वचन लागलं की हातातलं काम थांबायचं. मग पुढचा ख्यालही त्या बसून ऐकायच्या.

तिरकीट

लयीचा मुद्दा पटला. पण तान इतकी गुंतागुंतीची असते की मुखडा कुठून उचलला ते अनुभवी साथीदारालाही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. दुसऱ्या महिन्यात ठेवा.

टिळकवाडी_तंबोरा

पहिल्या महिन्याच्या शेवटी. इथं तडजोड. :)

मलप्रभेकाठी

मंडळी, थोडे दिवस गायब होतो, भाचीला सुट्टी लागली होती, ती घरीच आली होती. तुमच्या सूचना एकेक करून बघितल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

यमनापासूनच सुरू केलं. संध्याकाळी गच्चीवर, आधी विलायत खाँ, मग राशीद खाँ, मग भीमसेनांचा यमन कल्याण. शफल बंद करून. सतार तिला लगेच लागली. राशीद खाँचा आवाज आवडला, पण मधेच मोबाईल बघितला तिनं, मी काही बोललो नाही. भीमसेनांच्या वेळी गप्प बसली. संपल्यावर म्हणाली, "यांना वर जायची घाई नाहीये. खालीच इतका वेळ थांबतात, मग वरचा सा आल्यावर पोटात काहीतरी होतं." मी याहून चांगलं वर्णन केलं नसतं.

तीनताल बोटांवर शिकवला. खाली तिला दुसऱ्या दिवशी सापडली. त्यानंतर कन्नड सिनेमातल्या गाण्यांवरसुद्धा बोटं चालवते आहे.

गांधारी आणि नंतरच्या गंगूबाई, दोन्ही ऐकवलं. विश्वास बसेना, मग स्वतःच बाईंच्या मुलाखती शोधून काढल्या आणि कन्नडमधल्या असल्यामुळे मलाच अर्थ सांगत बसली. पाव्हणं, तुमचा मालकंस मात्र अजून बाकी आहे, रात्री बाराला ती झोपलेली असते.

महिनाभर एकच राग हे माझं म्हणणं मी सैल करतोय. तिला बदल हवा होता, आणि अनगोळकरांची भीती अगदीच चूक नव्हती. पण एका वेळी एकच राग, आणि तो दोन-तीन गळ्यांतून, हे चाललं. ते मी सोडणार नाही.

आता पुढचा राग कुठला? भूप की बिहाग? तिच्या मनात भूप आहे, कारण "पाचच सूर, सोपा असेल".

संकेश्वरी

आणि कुंदगोळ?

मलप्रभेकाठी

येतोय हो. दोघंही येतोय. तारीख नक्की झाली की इथं टाका.

पेटीवाला

भूपच. किशोरीताई आमोणकरांचा घ्या, "सहेला रे" आहे तो. पण आधीचा विलंबित सोडू नका, द्रुत तिथूनच उगवतं.

शेवंती_२००४

भूप झाला की लगेच देसकार ऐकवा, मामा. पाच सूर तेच, सा रे ग प ध. भूप रात्रीचा आणि त्यात गंधारावर मुक्काम. देसकार सकाळचा आणि त्यात धैवताला महत्त्व, चाल वरच्या अंगानं. सूर तेच असताना दोन राग कसे वेगळे होतात हे तिला आधी सांगू नका. रात्री भूप, दुसऱ्या दिवशी सकाळी देसकार, आणि विचारा फक्त, काय बदललं.

तिरकीट

हे मी पुतण्यावरपण करतो. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी.

निपाणीचा_पाव्हणा

रविवारी पहाटे पाळी संपतीया आमची. देसकार घरी जाताना ऐकतो. आणि पोरीला मालकंसाला एकदा निपाणीला घेऊन या, मोटार चालू करून देतो.